पांढरी पाचच्या किंचित वर

आत्याने नवीन गाणी केली ती स्वयंपाकघरात, आणि तीही भर दुपारी. चष्म्याच्या दुकानाला दीड ते चार सुट्टी असायची. ती घरी येऊन जेवायची, ताट धुऊन पालथं घालायची आणि फ्रिजला पाठ टेकून खुर्चीवर बसायची. मग गिटार मांडीवर घेऊन, डोळे मिटून, तारा पिळत राहायची. तारा मिळवायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं. कान होते. सूर सापडला की तिला तो पाठीच्या कण्यात कळायचा, गरम पाण्यात पाय बुडवल्यासारखा.

तेवीस वर्षांपूर्वी ती गायची तेव्हा तिची गाणी रिक्षा, टॅक्सी, न्हाव्याची दुकानं सगळीकडे वाजत. मग बोलावणी कमी होत गेली. कुणी तिला काढलं नाही, तिनेही राजीनामा दिला नाही. एक दिवस तिच्या लक्षात आलं की चार महिन्यांत कुणाचा फोन आलेला नाही. तिने गिटार कपाटावर ठेवली आणि चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढू लागली. यंत्रापुढे माणूस बसवायचा, भिंग बदलायचं आणि विचारायचं, "आता बरं, की आधी बरं होतं?" दिवसातून दोनशे वेळा तरी ती हे विचारायची. एका दुपारी या प्रश्नालाच चाल लागली. अकरा महिन्यांत अकरा गाणी झाली. त्यातलं एक तर पूर्ण नंबर काढण्याचंच होतं: हनुवटी टेक, डोळा मीट, सांग काय दिसतं.

ही गाणी तिने प्रथम ऐकवली ती भाचीला, धाकट्या भावाच्या मुलीला. भाची ध्वनिमुद्रण करायची. टायरच्या दुकानाखालच्या तळघरात तिचा स्टुडिओ होता. अकरावं गाणं संपल्यावर ती टेबलावरचे पोळीचे तुकडे वेचत बसली आणि मग म्हणाली की आत्या, याचा अल्बम होतो. तिने एका कंपनीच्या मागे लागून पंधरा तारखेपर्यंतची मुदत मिळवली. गिटारवाले, ढोलवाले तरुण जमवले. बास गिटारसाठी आत्याने आपला जुना सोबती बोलावला. त्याला सगळे खर्जू म्हणत. तो वाजवायचा खर्जात आणि बोलायचाही खर्जात. दोन दिवसांत भाचीमुळे ती सगळ्या स्टुडिओची आत्या झाली.

स्टुडिओ भाचीच्या जिवाचा तुकडा होता. विजेची गुणगुण हा तिच्या धंद्यातला मोठा शत्रू. दिव्यांतून, तारांतून, भिंतीपलीकडच्या मोटारींतून ती झिरपते आणि माइकमध्ये शिरते. भाचीने दारांना रबर लावलं होतं, तारा वेगळ्या ओढल्या होत्या, घूं करणारा प्रत्येक दिवा काढून टाकला होता. तिथे शिरलं की कानांवर कुणी दोन्ही तळवे ठेवल्यासारखं व्हायचं. तिचा दुसरा नियम म्हणजे रेकॉर्डिंगआधी सगळी वाद्यं यंत्रावर मिळवायची, कानावर विसंबायचं नाही. आत्याची गिटारसुद्धा तिने तशी मिळवून घेतली.

पहिल्याच गाण्याला घोटाळा झाला. वाद्यं छान वाजली, आवाजही लागला, पण दोघं एकमेकांना चिकटेनात. आत्याचा सूर किंचित चढा जात होता. काचेपलीकडे भाची ओठ चावत होती. आत्याने पुन्हा गायलं, कानातला आवाज मोठा करून गायलं, बसून गायलं. खर्जूने बास खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुझा आवाज पहिल्यापेक्षा चांगला झालाय. फक्त तो दुसऱ्या कुठल्या तरी स्टुडिओत गातोय."

सगळे हसले, तीही हसली. पण घरी जाताना ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. चार दिवसांत अकरा गाणी झाली आणि प्रत्येक गाण्यात तेच. आता तिला स्वतःलाही ते ऐकू येत होतं, चुकीच्या नंबरचा चष्मा घातल्यावर अक्षराला दुसरी कड दिसते तसं.

शेवटच्या दिवशी तिने भाचीला बाजूला घेतलं. वय झालं की इंद्रियं जातात हे तिला कुणी सांगायला नको होतं, रोज समोर बसलेल्यांचे डोळे जाताना ती बघत होती. कान गेला असेल तर गाणं संपलं. लोकांनी सांभाळून घ्यावं म्हणून ती गाणार नव्हती.

भाची म्हणाली, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांत तिने कॉम्प्युटरवर आत्याचा एकूण एक सूर ओढून बरोबर जागी बसवला. हे सगळेच करतात, तिनेही शेकडो गायकांचं केलं होतं. मग आत्याला हेडफोन घालून खुर्चीवर बसवलं आणि आधी मूळ गाणं ऐकवलं, मग सुधारलेलं.

"आता बरं, की आधी बरं होतं?" भाचीने विचारलं.

आत्या उत्तर द्यायला थोडी थांबली. दुकानात लोक असेच थांबतात. खोटं सांगितलं तर जन्मभर चुकीचा चष्मा नाकावर बसेल हे त्यांना कळतं.

"आता स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पण ही बाई कोण आहे गं? मी नाही ओळखत तिला. तिच्या गाण्यावर माझं नाव नको घालूस."

म्हणजे अल्बम नाही. पंधरा तारखेला आठ दिवस उरले होते.

भाचीने कंपनीला कळवलं नाही. एका संध्याकाळी सगळं पुसून टाकण्याआधी तिने सुधारणेची यादी सहज उघडली. अर्ध्या सुराचे शंभर भाग धरले तर यंत्राने आत्याचा आवाज किती भाग खाली ओढला, ते प्रत्येक ओळीपुढे लिहिलेलं होतं. पहिलं गाणं, पस्तीस. दुसरं, पस्तीस. तिसऱ्यात कुठे चौतीस, कुठे छत्तीस. ती खाली खाली जात राहिली. अकराव्या गाण्याची शेवटची ओळ, पस्तीस.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप काखेत मारून आत्याच्या दारात उभी. आत्या भांडी आवरत होती. भाचीने तिला ओला हात पुसायलाही वेळ दिला नाही.

"कान गेला असता तर चूक विखुरली असती," ती म्हणाली. "कधी वर, कधी खाली. तू प्रत्येक वेळी तेवढीच वर आहेस. ही चूक नाहीये आत्या. तू कशाला तरी धरून गातेस."

"कशाला धरणार? मी काय बसमध्ये उभी आहे?"

भाचीने तिला नेहमीच्या खुर्चीवर बसवलं, फोन टेबलावर ठेवला आणि नुसता सूर लावायला सांगितला. फोनवर सूर मोजणारा काटा होता. आत्याने डोळे मिटले, आ लावला. काटा पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या थोडा वर जाऊन थांबला. पस्तीस. आत्या गप्प झाली, काटा खाली पडला. मग तिच्या पाठीमागे फ्रिज हुडहुडी भरल्यासारखा थरथरला आणि सुरू झाला. काटा आपण होऊन उठला आणि त्याच जागी जाऊन उभा राहिला.

दोघींनी फोनकडे बघितलं. मग फ्रिजकडे.

भाचीने उठून फ्रिजचं बटण बंद केलं. खोली एकदम मोठी वाटायला लागली. बटण चालू केलं, पुन्हा तोच गरम, गोल आवाज. आत्याने खुर्चीत मागे सरून पाठ टेकली. कण्यातून सूर वर आला, खांद्यांत पसरला, कानांच्या मागे येऊन थांबला. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याने हप्त्यावर आणलेला हा फ्रिज. नवरा गेल्यानंतर घरात स्वतःहून काही बोलणारं तेवढंच उरलं होतं. ती बोलत नसे, फक्त टेकून बसे.

भाची कागदावर आकडे मांडत होती. वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, मोटारीचं लोखंड त्याच्या दुप्पट वेळा थरथरतं, म्हणजे शंभर. पेटीवर शंभरला जागा नाही, ते पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कुठेतरी पडतं. आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे कान माझा नाहीच," ती हळूच म्हणाली. "फ्रिजचा आहे."

भाचीने पेन खाली ठेवलं. "स्टुडिओत फ्रिज कुठे होता? तिथली सगळी गुणगुण तर मीच मारलीये. वर तुझ्या कानात मी दुसरीच पट्टी वाजवत होते, मोठ्याने. तरी चार दिवस, अकरा गाणी, तू घरचा सूर सोडला नाहीस. मला नाही जमणार आत्या. मी ओळखते त्यातल्या कुणालाच नाही जमणार." मग फ्रिजकडे बघत म्हणाली, "चूक माझी. मी यंत्राला खरं धरलं आणि तुला खोटं."

"दुकानात नवीन कामाला लागलेले सगळे हेच करतात," आत्या म्हणाली. "समोरचा म्हणतो दिसत नाही, आणि हे म्हणतात, यंत्र तर बरोबर सांगतंय." तिने पदराने डोळे पुसले आणि चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वाद्यं यंत्रावरून काढून फ्रिजवर मिळवली. भाचीने त्याची गुणगुण फोनमध्ये भरून आणली आणि आपल्या त्या गुळगुळीत शांततेत, आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम वाजवली. तरुण ढोलवाला तिच्याकडे वेड लागल्यासारखा बघत राहिला. खर्जूने खुंट्या पिळल्या, एक तार छेडली, आणि तो डोळे मिटून हसला.

"लोकांचा तानपुरा भिंतीला टेकवलेला असतो," तो म्हणाला. "आमच्या बाईच्या तानपुऱ्यात दूध आणि कोथिंबीर."

पहिल्याच गाण्याला आवाज वाद्यांत असा बसला की भाचीने कशाला हातही लावला नाही. पाच दिवसांत सगळं झालं. चौदा तारखेला गाणी कंपनीकडे गेली. अल्बमचं नाव 'आता बरं, की आधी?'

पहिले दोन आठवडे कुणाला पत्ता नव्हता. मग रेडिओवरच्या एका बाईंनी 'सांग काय दिसतं' दुपारी लावलं, आणि लोकांनी फोन केले म्हणून लगेच पुन्हा लावलं. पुढच्या महिन्यात ते सगळ्या याद्यांवर वर चढलं आणि सात आठवडे खाली उतरेना. चष्म्याच्या दुकानात लोक दृष्टी चांगली असूनही नंबर काढून घ्यायला येऊ लागले. मालक कंटाळून तिला म्हणाले की बाई, तुम्ही आता गाच.

पत्रं यायची. त्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत असायची. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या एका बाईंनी लिहिलं की मशिनं चालू असताना तुमचं गाणं जास्त चांगलं लागतं. एका परिचारिकेने लिहिलं की औषधांच्या कपाटापाशी उभी असताना ते आपोआप तोंडात येतं. कुणी लिहिलं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पूर्वी ऐकल्यासारखं वाटलं. भाची ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचायची. फ्रिज एकट्या आत्याचा होता, पण वीज सगळ्या शहराची एकच होती.

आत्या संध्याकाळी फिरायला जायची तेव्हा तिला ते ऐकू यायचं. कोपऱ्यावरचं लोखंडी जाळीतलं विजेचं यंत्र, औषधाच्या दुकानावरची हिरवी पाटी, दूधवाल्याची थंड पेटी, बंद दारामागे वर चढणारी लिफ्ट. कुणी जाड आवाजात, कुणी बारीक, कुणी नुसतं ओठांत, पण सगळे एकाच सुरात. रस्त्यांखालून एक संथ, लांब पाणी वाहत आहे आणि सगळं शहर त्यावर तरंगतं आहे, असं तिला वाटायचं. माणसं त्यातून पिशव्या घेऊन, भांडत, फोनवर बोलत चालली होती. तीही चालायची, पावलांना जरा कमी वजन देऊन.

अल्बमला चार महिने झाले तेव्हा एका सकाळी फ्रिज बंद पडला. घरात जी शांतता झाली ती तिला सोसवेना. तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आला, मागची जाळी काढून ओणवा झाला आणि तासभर खुडबुडत राहिला. त्याने बाईंना ओळखलं नव्हतं, आणि तिनेही काही सांगितलं नाही.

मोटार शाबूत होती, एक छोटा भाग जळला होता. तो बसवून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, खालचे रबर गेलेत. म्हणून एवढा आवाज करतो. बदलले की हूं की चूं करणार नाही."

"नको," ती म्हणाली. "तेवढं राहू दे."

त्याने खांदे उडवले आणि बटण दाबलं. फ्रिज थरथरला आणि त्याने आपला सूर धरला. दुरुस्तीवाला अवजारं पुसत पिशवीत भरू लागला, आणि भरता भरता, स्वतःच्याही नकळत, गुणगुणू लागला. हनुवटी टेक, डोळा मीट.

आत्या दारात उभी राहिली. "कुठलं गाणं हे?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक." त्याने मान वर न करता पान्याचा नंबर बघितला. "जुनं असेल. लहानपणापासून ऐकतोय."

आणि त्याने पुढे सुरू केलं. तिसरी ओळ त्याला येत नव्हती, ती त्याने नुसत्या हुंकारावर ओढून नेली. तिथे शब्द काय आहेत हे तिला ठाऊक होतं. पण त्याचा हुंकार पांढरी पाचच्या किंचित वर, जिथे पाहिजे तिथेच होता. तिने खुर्ची ओढली आणि ती फ्रिजला पाठ टेकून बसली.