झुनिल्डाचे सहा सेंटिमीटर

मी उंची मोजायची पट्टी बोलतेय. चिली देशातल्या चिलोए द्वीपसमूहातल्या एका लहान बेटावरच्या दवाखान्यात दाराशेजारी मला भिंतीला ठोकलंय. इथल्याच सुतारानं मला घडवलं, आकडे तापल्या तारेनं डागले आणि डोक्याला टेकवायला एक सरकती फळी दिली.

पोरं वाढली की लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मोठ्यांचा आकडा कार्डावर लिहितात आणि विसरतात.

झुनिल्डा बारिया पहिल्यांदा माझ्याशी पाठ लावून उभी राहिली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. एकशे एकोणसाठ सेंटिमीटर भरली. पाळी आदल्याच वर्षी थांबली होती. "सुटले बाई एकदाची," असं म्हणाली. शेतात बटाटे, ओहोटीला शिंपले, संध्याकाळी चुलीशी लोकर विणणं, असा तिचा दिवस. गाय दूध द्यायची, पण त्याचं चीज होऊन बाजाराच्या बोटीत चढायचं. झुनिल्डाच्या वाट्याला 'माते' नावाच्या पानांचा कडू चहा आणि सिगरेट.

एक्कावन्नाव्या वर्षी ती एकशे सत्तावन्न भरली. अठ्ठावन्नाव्या वर्षी एकशे त्रेपन्न.

"एलिसेओ, तुझी पट्टी वर सरकली की काय?" तिनं विचारलं.

दवाखाना सांभाळणारा एलिसेओ हसला. "पट्टी ठोकलेली आहे, मावशी. तुम्हीच आखडताय. वय झालं की व्हायचंच."

तीही हसली. पाठ दुखते म्हणाली, तर त्यानं मलम दिलं. आकडा माझ्या अंगावरच होता, पण मला तोंड नव्हतं.

पुढच्या महिन्यात फेरीच्या बोटीतून नवी डॉक्टरीण आली. तिनं झुनिल्डाचं जुनं कार्ड काढून नव्याशेजारी ठेवलं.

"आईचं कधी हाड मोडलं होतं?"

"खुब्याचं. उठलीच नाही परत."

"सिगरेट?"

"थंडी असते ना हो."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "सहा सेंटिमीटर गेलेत, बाई. मणके चेपलेत. हाडं आतून विरत चाललीत."

तिनं गोळ्या दिल्या, सिगरेट सोडायला सांगितली, ऊन पडेल तेव्हा चालायला सांगितलं. हाडांच्या तपासणीसाठी शहरात पाच महिन्यांनंतरची तारीख मिळाली. झुनिल्डानं ऐकलं, खरंच ऐकलं. सिगरेट सुटली, चीजचा एक तुकडा घरात राहू लागला. पण तारखेच्या आठवड्यात वारा सुटला, बोट निघाली नाही. नवी तारीख दोन महिन्यांनी.

ती तारीख यायच्या आतच झुनिल्डा स्वयंपाकघराच्या पायरीवर पडली. फार जोरात नाही, हातातली लोकर सुटलीसुद्धा नव्हती. चौघांनी फळीवर घालून इथं आणलं, माझ्या पायाशी ठेवलं. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आता आडवी मोज रे," ती एलिसेओला म्हणाली.

या वेळी तो हसला नाही.

शहरात मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. अंथरुणात पडून राहिल्यानं छातीत कफ भरला. अकराव्या आठवड्यात ती गेली.

मग एलिसेओनं बेटावरची सगळी कार्डं काढली. पहिली उंची, शेवटची उंची, आईवडिलांचं कधी हाड मोडलं होतं का, पाळी कधी थांबली, कधी किरकोळ पडून काही मोडलं का, असं विचारत तो दारोदार फिरला. काही जण आले. काहींनी सांगितलं, "पडू तेव्हा बघू."

झुनिल्डाची मुलगी नोल्फा तिसऱ्या निरोपाला आली. चाळीस वर्षांची, आईसारखीच काटकुळी. माझ्याशी उभी राहिली आणि फळी तिच्या डोक्याला लागली तेव्हा मला जाणवलं, ती चवड्यांवर उभी आहे.

"टाचा टेकव, पोरी."

"टेकल्यात."

एलिसेओ गुडघ्यांवर बसला. त्यानं तिचे घोटे हातात धरले. "तुझ्या आईच्या वेळी मी हसलो होतो," तो म्हणाला. "टेकव."

ती हळूहळू खाली आली. बाळंतपणाच्या कार्डापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली. मग त्यानं कागद ओढला आणि पहिला प्रश्न विचारला.

मी अजून त्याच भिंतीवर आहे. माझ्यापाशी स्वतःच्या पायांनी चालत या. आणि उभे राहाल तेव्हा टाचा टेकवा.