पात्यावरचा डिंक

माझा थोरला भाऊ खोदकामावर जितका सबुरीचा, तितकाच घरात उतावळा. मातीचा थर काढायला महिना लावेल, पण चहाला उकळी येईपर्यंत त्याला दम निघत नाही. असल्या माणसावर लेक गमावायची वेळ यावी, याला काय म्हणायचं!

भाची गेली ती गाडीच्या अपघातात, त्याच्याच खोदकामावरून परतताना. तिच्या पिशवीत कापसात गुंडाळलेलं दगडाचं पातं निघालं. बुडाशी काळा डिंक, गव्हाच्या दाण्याएवढा. आदिमानव असाच डिंक लावून पातं लाकडी मुठीत बसवायचा. खोदकामात सापडलेल्या प्रत्येक वस्तूला लावतात ते लेबल सोबत नव्हतं. "धांदरट कार्टी, लावायचं राहिलं असेल," दादा म्हणाला. मग त्यानं एकच ध्यास घेतला, हा शोध तिच्या नावानं छापायचा. त्यापायी तो पुन्हा जेवायला लागला, दाढी करायला लागला. मला तेवढंच पुरे होतं.

वय काढायला डिंक जाळावा लागतो, म्हणून बराचसा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला. निकाल आला, अकरा हजार वर्षं. दादा फोनवर ढसाढसा रडला. डिंक कशाचा, ते माझ्या प्रयोगशाळेत ओळखायचं काम माझं. "उरलाय तो सगळा घे," तो म्हणाला, "कुणाला शंकेला जागा नको." मी खरवडला, विरघळवला, यंत्रात सोडला.

आलेखावर झाडाची राळ दिसली, पण ताजी. तिच्याबरोबर मेण, तेही मधमाशीचं नव्हे, मेणबत्तीचं. ते निघतं खनिज तेलातून. तेल इतकं पुरातन, की ताज्या राळेत मिसळलं तर वय काढणाराही चकतो. यंत्रावर राग काढावा, तर ते बिचारं खरं बोलत होतं.

वहिनीला फोन केला. "राळ-मेणबत्त्या वितळवून घरीच पाती चिकटवायची की," ती म्हणाली. "आदिमानवासारखं करून बघते म्हणे. माझं दुधाचं पातेलं घालवलं. काय काय बोलले हो मी तिला!"

खोटा निकाल द्यायचं मनात आलं. आलंच. पण पुढेमागे कुणीतरी पकडलं असतं आणि पोरीचं नाव चेष्टेवारी गेलं असतं.

दादाला बसवून आलेख दाखवला. त्याला तो वाचता येतो, काही समजवावं लागलं नाही.

"म्हणजे हे तिनं केलं होतं," तो म्हणाला. "जमलं होतं का गं?"

"इतकं, की आपण दोघं फसलो."

तो चक्क हसला. मग हात पुढे केला. "दे."

मी पातं दिलं. त्यानं ते उलटसुलट केलं, खिडकीकडे धरलं, अंगठ्यानं बूड चाचपलं. तिथे नुसता दगड होता, लख्ख.

"थोडा तरी ठेवायचा होतास गं," तो म्हणाला. "तिच्या हातचा होता."