रुसूबाईच्या खणातला आरसा

मी एक जुना आरसा आहे. कपाटाच्या दारावर बसवायला म्हणून कारखान्यात मला घडवलं. माझा एक कोपरा उडाला आहे, पण कुणाचा चेहरा मी अजून खोटा दाखवलेला नाही, एवढा तोरा मला आहेच.

मित्रांनो, मी मेंढ्यांच्या डॉक्टरबाईंच्या घरी होतो. त्यांच्या आई माझ्यासमोर वेणी घालत आणि तिथूनच लेकीला ओरडत, "अगं, जेवण गार होतंय!" आई वारल्या. मग बाई रोज माझ्यासमोर ताट घेऊन बसू लागल्या. मला फार वाईट वाटे, पण आरशाला कुणाची विचारपूस करता येत नाही.

जीव घाबरला की रक्तात एक संप्रेरक वाढतं. कुठल्या चाऱ्यानं ते मेंढ्यांमध्ये चढतं, कुठल्यानं उतरतं, हे बाई सरकारी मेंढी केंद्रावर तपासत. कोण किती खातं ते कळावं म्हणून प्रत्येक मेंढी वेगळ्या खणात, मधे उंच फळ्या. नुसतं वाळलं गवत खाणाऱ्यांचा ताण जास्त निघे, हिरवा चारा आणि पेंड खाणाऱ्यांचा कमी. एकच मेंढी उफराटी. चारा सर्वांत उत्तम आणि ताणही सर्वांत जास्त! ती गव्हाणीला तोंडच लावेना. चारा घालणारे काका तिला रुसूबाई म्हणत.

"बाई, हिची नुसती हाडं राहिलीत. या आठवड्यात सावरली नाही तर खाटकाला देऊन टाका म्हणालेत साहेब."

"चाऱ्यावर नाही रुसली ती, काका. एकटीला घास उतरत नाही."

"मग दुसरी सोडू का आत?"

"मग कुणी किती खाल्लं, ते कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला घरून आणून तिच्या खणात टेकवलं. रुसूबाई आधी बिचकली. मग तिनं मला हुंगलं, एक काडी उचलली. आतलीनंही उचलली. बघता बघता गव्हाण चाटूनपुसून साफ झाली. पुढच्या तपासणीत ताण उतरलेला निघाला. "आरशानं जीव वाचवला हो!" काका म्हणाले. काच असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण खरं सांगू? निजताना ती मला अंग टेकवी, आणि माझ्याकडे ऊब नव्हती.

प्रयोग संपला, फळ्या निघाल्या. रुसूबाई कळपात घुसली ती मागे वळलीच नाही. बरंच झालं. मी मात्र कोठारात, पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. बाई आता कुणासमोर जेवतात, कोण जाणे.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण कुणी एकटं जेवताना दिसलं, तर त्याच्यासमोर आरसा ठेवू नका. आपलं ताट उचला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.