खापराच्या मापाची चूल

अनुदानाच्या चुली तपासायला आलेल्या साहेबांनी लोखंडी पट्टी चुलीच्या तोंडावर आडवी धरली आणि मंदाबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला. माप बरोब्बर निघालं, छापील साच्याला तंतोतंत. साहेब खूश होऊन उठायला गेले, टेकू म्हणून त्यांनी चुलीच्या काठावर हात ठेवला, आणि काठ हलला.

"हे काय?"

चुलीच्या तोंडात बसवलेलं भाजलेल्या मातीचं कडं त्यांच्या हातात आलं होतं. खालचं तोंड साच्यापेक्षा चांगलं चार बोटं रुंद होतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आलेली. गेल्या अखाजीला याच गावात मंदाबाईनं बसवलेल्या नऊच्या नऊ निर्धूर चुली बायकांनी एका सकाळीत फोडल्या होत्या. अमळनेरला दहा दिवस शिकून, सरकारी अनुदानातून, धुराडं धाब्याच्या छताबाहेर काढून बसवलेल्या चुली! साहेबांनी अहवालात कारण लिहिलं, 'महिलांचे अज्ञान'. मंदाबाई सातवी शिकलेली. तिनं ते वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग ती घरोघर विचारत फिरली. आज जिच्या स्वयंपाकघरात हे मोजमाप चाललं होतं, त्या म्हाताऱ्या नर्मदाबाईनं तिला तेव्हा उंबऱ्यातूनच सुनावलं होतं.

"अखाजीले लेकी येतस. मांडासनं खापर काय तुना सरकारना डोकावर ठेवू?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पुरणाचे मांडे भाजायचं ते खापर परातीएवढं, चुलीवर पालथं घालायचं. साच्याच्या बारक्या तोंडातून जाळ त्याच्या टाळूलाच लागायचा आणि मांड्याच्या कडा कच्च्या राहायच्या. वर्षानं माहेरी आलेली लेक, तिच्या ताटात कच्चा मांडा कोणती आई वाढेल? चूल फुटायचीच होती.

"हे साच्यात नाही," साहेब म्हणाले. "अशा चुलीला अनुदान मिळत नाही. आणि कारागिरांच्या यादीतून तुमचं नाव जाईल, ताई."

नाव गेलं की पुन्हा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणं आलं. पण वर्षभर घोकलेलं आता गिळायचं नाही, हे तिनं येतानाच ठरवलं होतं.

"रोजच्या भाकरीला तुमचं माप, साहेब. कडं काढलं की सणाला आमचं. पेटवून बघा, मग माझं नाव खोडा."

"बसा भाऊ," नर्मदाबाई म्हणाली. तिचे डोळे धुरानं कायमचे लाल झालेले. "दखाडस तुमले."

पुरण-कणीक तिनं सकाळीच तयार ठेवली होती. मंदाबाईनं कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि खापर पालथं घातलं. नर्मदाबाईनं मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवला आणि अलगद खापरावर टाकला. साहेबांनी सवयीनं डोळ्यांसाठी रुमाल काढला. तो त्यांच्या हातात तसाच राहिला. धूर सगळा धुराड्यानं वर गेला होता.

नर्मदाबाईनं मांड्याची कड तोडून त्यांच्या पुढं केली.

"कड खा. मधलं तं कोठेबी भाजास."

त्यांनी खाल्ली. खापर उतरल्यावर त्यांनी कडं स्वतःच्या हातानं परत बसवलं, पट्टी पुन्हा आडवी धरली, कागदावर 'मापानुसार' लिहिलं आणि सही केली. मंदाबाईनं ते दोनदा वाचलं, कारण या कागदांवर एकदा वाचून भरवसा ठेवण्यात अर्थ नसतो.

बाहेर फटफटीपाशी मात्र ते घुटमळले.

"त्या कड्याचं माप लिहून द्याल का?"

"कशाला, साहेब?"

"पारोळ्याला आमच्या घरीही चूल आहे. म्हणजे होती." ते हँडलकडे बघत म्हणाले. "मीच उभं राहून बसवून घेतलेली. गेल्या अखाजीला आईनं फोडली."

मंदाबाईला हसू फुटत होतं, ते तिनं पदरात दाबलं.

"त्याचं माप नसतं, साहेब. ज्याच्या त्याच्या घरचं खापर वेगळं. मी येते पारोळ्याला. तुमच्या आईला विचारून बसवीन."