राखीव कप्पा

ग्रंथालयाचा संदर्भ विभाग सांभाळणाऱ्या संदर्भबाईंना चॅट या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता. घरच्या ग्रुपवर सकाळी डोळा उघडल्यापासून फुलांची चित्रं आणि धाकट्या जावेचं 'जेवलात का'. कामावर यावं तर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरची ती 'ग्रंथपालांना विचारा' नावाची खिडकी. समोर येऊन विचारायला लोकांच्या जिवावर येतं आणि मेसेज करून डोकं खातात, असं बाईंचं मत होतं. ते त्या कुणालाही ऐकवत.

एका दुपारी त्या खिडकीत प्रश्न आला, 'मोडलेली बरगडी जुळायला किती दिवस लागतात? कुठल्या पुस्तकात मिळेल?'

नियमाप्रमाणे बाईंनी लिहिलं, 'सदस्य क्रमांक?'

'तो विचारू नका. कार्ड नवऱ्याच्या नावावर आहे.'

बाईंनी दुनिया पाहिलेली होती. पुढचं त्यांना न सांगता कळलं. 'सहा आठवडे,' त्यांनी लिहिलं. 'क्रमांक पुन्हा कधी विचारणार नाही.' नवरा कामावर असताना शेजारणीच्या फोनवरून लिहिणाऱ्या त्या बाईचं नाव त्यांनी मनातल्या मनात दुपारवाली ठेवलं.

नंतरच्या प्रश्नांत कधी दात आला, कधी मनगट. बाई पुस्तकं शोधून उत्तरं देत आणि दात-ओठ खात. अखेर एका सोमवारी दुपारवालीनं परत द्यायच्या जाडजूड पुस्तकात एक पाकीट घालून ते दाराजवळच्या पेटीत टाकलं. आत जन्मदाखला, पदवी, पासपोर्ट. ठरलं असं की, गुरुवारी दुपारी ग्रंथालयात जाते म्हणून घराबाहेर पडायचं, पाकीट घ्यायचं आणि तडक परगावच्या बहिणीकडे.

पाकीट बाईंनी टेबलामागच्या राखीव कप्प्यात ठेवलं. आणि इथंच माती खाल्ली. तीस वर्षांत चिठ्ठीशिवाय एक कागद त्या कप्प्यात गेला नव्हता. पुस्तक ज्या कार्डावर होतं तो क्रमांक हातानं आपसूक दाबला, चिठ्ठी निघाली, रबर लावून झालं. यंत्रानंही आपलं काम चोख केलं. कार्डावरच्या फोनला त्यानं कळवलं, 'आपण राखून ठेवलेले साहित्य तयार आहे. घेऊन जावे.'

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत पहारेकरी डबा घेऊन मागे गेला होता. वाचनकक्षात फक्त पेपरवाले आजोबा, ठार बहिरे, वर्तमानपत्राच्या आड. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस टेबलाशी आला आणि त्यानं फोन पुढे धरला.

"मी तर काही राखून ठेवलेलं नाही. बघू तरी काय आहे ते."

बाईंनी चष्मा सारखा केला. "मशीनची चूक असेल हो. होतं कधीकधी."

"मग दाखवा ना चूक."

त्यानं हात लांबवून आपल्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेलं पाकीट ओढून घेतलं. पदवीवरचं बायकोचं नाव वाचलं. मग एकेक कागद निवांतपणे फाडून तुकडे टेबलावर ठेवत गेला. पासपोर्टची पानं फाटेनात, तेव्हा त्यानं दात लावले.

तेवढ्यात पडद्यावर खिडकी उघडली, 'निघू ना? दहा मिनिटांत पोहोचते.'

त्यानं ते वाचलं आणि तो टेबलाला वळसा घालून आत आला. बाईंचा अंबाडा मुठीत धरून त्यानं कपाळ टेबलावर आपटलं. चष्मा फुटला, कपाळावरचं रक्त डोळ्यात आलं.

"लिही. ये म्हणावं."

बाईंनी हात मांडीवरून हलवले नाहीत. त्यानं उजव्या हाताची करंगळी धरली आणि उलटी वाकवली. पेन्सिल मोडावी तसा आवाज झाला. मग शेजारचं बोट. बाई ओरडल्या, आजोबांनी पान उलटलं.

"लिहिते! लिहिते, थांब मेल्या!"

डाव्या हातानं एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'या. पाकीट तयार आहे. फक्त सदस्य क्रमांक कळवा.'

"हे कशाला?"

"नियम आहे. क्रमांकाशिवाय राखीव साहित्य देता येत नाही."

त्याला ते पटलं. ग्रंथालयात कधी पाऊल न टाकलेल्या माणसाला इथला कुठलाही मूर्ख नियम पटतो. पडद्यावर तीन टिंबं हलली, थांबली. पुन्हा हलली. मग खाली ओळ उमटली, 'समोरची व्यक्ती निघून गेली आहे.'

अंबाडा न सोडता तो दाराकडे बघत राहिला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दार उघडलं नाही. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं शब्दकोशाचा जाडजूड खंड दोन्ही हातांनी उचलला आणि बाईंच्या मोडक्या हातावर आदळला. पुन्हा आदळला. टेबलाच्या हादऱ्यानं शाईची दौत खाली पडली, गडगडत आजोबांच्या बुटाला लागली. त्यांनी मान वर केली. पेपर अडकवायची लाकडी काठी घेऊन ते आले आणि त्यांनी ती त्याच्या मानेत अशी हाणली की काठीचे दोन तुकडे झाले. तो कोसळला. आजोबा उरलेल्या अर्ध्या काठीनं मारतच राहिले. धावत आलेल्या पहारेकऱ्यानं त्यांना मिठी मारून आवरलं.

नवरा आठवड्यात जामिनावर सुटला. बातमी छापून आली, ग्रंथालयात बाईंचा सत्कार ठरला, तेव्हा बाईंचं पित्त खवळलं. "शौर्य कसलं डोंबलाचं! चिठ्ठी मीच लावली होती ना?" त्यांनी हार घेतला नाही. दुपारवाली कुठे आहे, आहे की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. अपराधाच्या बोचणीनं त्यांना अन्न गोड लागेना. पण फाटकी पानं जोडणं हे तर त्यांचं रोजचं काम. खळ आणि झिरझिरीत कागद घेऊन, डाव्या हातानं, त्या जन्मदाखल्याचे तुकडे जुळवत बसत. मग पदवी. पासपोर्टला मात्र इलाज नव्हता.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी खिडकी उघडली.

'मोडलेली बोटं जुळायला किती दिवस लागतात?'

बाई टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. मग वाकडी राहिलेली बोटं पदराला पुसून त्यांनी लिहिलं, 'सहा आठवडे. पासपोर्ट गेला. बाकीचे कागद जोडून माझ्या पर्समध्ये ठेवलेत. कुठेही नोंद केलेली नाही.'