मी फिजोआ, जोडीतलं उरलेलं झाड

मी फिजोआचं झाड बोलतंय. कुणी मला अननस-पेरूही म्हणतात. न्यूझीलंडमधल्या गिस्बर्न गावात, नोलीनच्या मागच्या अंगणात मी उभं आहे.

नोलीनच्या नवऱ्यानं, क्लेमनं, आम्हां दोन झाडांना एकाच सकाळी लावलं. माझी फळं अंड्याएवढी, जोडीदाराची बोराएवढी. पण पाखरांनी त्याचे पराग आणल्याशिवाय मला फळच धरत नसे.

आमची फळं तोडायची नसतात, पिकली की आपोआप पडतात. एप्रिलमध्ये नोलीन रोज सकाळी ती वेचून फाटकाशी खोक्यात ठेवायची, वर पाटी, 'फुकट न्या'. शेजारीण हुइया म्हणायची, "अगं, मोसमात मी गाडीच्या काचा लावूनच ठेवते. नाहीतर कुणीतरी जास्तीच्या फिजोआंची पिशवी आत टाकून पळतं!"

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये क्लेम गेला. नवव्या दिवशी जावई ब्रॅम करवत घेऊन आला. त्याला आपली होडी ठेवायला जागा हवी होती.

"नोलीन, हे बारक्या फळांचं काढू ना? नुसती अडगळ आहे."

"काढ," ती म्हणाली आणि आत गेली.

जोडीदार पडला तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढंच कळत होतं.

डिसेंबरात मी फुललं. पाखरं पाकळ्या खाऊन गेली. एप्रिलमध्ये एकही फळ पडलं नाही. नोलीन काही दिवस रिकाम्या हातांनी गवतात उभी राहायची. मग बाहेर यायचीच थांबली. पडदेही उघडेनात.

शेवटी हुइयानं तिला हाताला धरून अंगणात आणलं. "एकटं कसं धरेल गं हे? तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की."

"मग?"

"ब्रॅमनं विचारलं, मी हो म्हटलं. त्या आठवड्यात कुणी घर पाडू का विचारलं असतं, तरी हो म्हटलं असतं."

एरवी हुइयाकडे प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो. त्या दिवशी ती आत गेली आणि नोलीनच्या घराचे पडदे उघडून आली.

आता पुन्हा डिसेंबर आहे. पाखरांना पराग मिळावेत म्हणून हुइयानं गावाबाहेरच्या तिच्या फिजोआच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या डब्यात घालून माझ्या बुंध्याशी ठेवल्यात. नोलीन रोज सकाळी बाहेर येऊन पाणी बदलते. फळ धरेल की नाही, मला सांगता येत नाही.

एकच मागणं आहे. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय, त्याला करवत हातात घेऊन काही विचारू नका. तो हो म्हणतो.