अनुदानासाठी सांगायची गोष्ट

रुग्णालयाच्या नव्या यंत्राला पैसे देणारे पुष्कळ, पण घरी गेलेल्या माणसाला "कसं वाटतंय?" विचारायला कोण देणार? सिस्टरबाईनं मात्र तोच हट्ट धरला होता. ऑपरेशन होऊन घरी सोडलेल्या माणसाकडे दोन-तीन दिवसांत परिचारिकेनं जायचं, जखम बघायची, औषधं तपासायची. एखाद्या फाउंडेशनचं अनुदान मिळालं नाही, तर वर्षअखेरीस या कामाला कुलूप लागणार होतं.

फाउंडेशनवाल्यांना आधी रुग्णाची एक खरी गोष्ट लागते. दुसऱ्या कुणाची सांगायची तर घरच्यांची परवानगी हवी. तिनं आपल्या नवऱ्याची सांगितली. तिथं परवानगी देणारी तीच.

पहिल्यांदा सांगताना तिला रडू आलं. अर्ज बघणारा सल्लागार म्हणाला, "ताई, गोष्ट चांगली आहे, पण नमनालाच घडाभर तेल! ते शेवटच्या दिवशी काय काय बोलले, ते सगळं काढा. ताप, उशीर, मृत्यू. बास."

तिनं काढलं. मग या दारी, त्या दारी तीच गोष्ट. नकार अंगवळणी पडले, तशी गोष्टही पडली. रडू येईनासं झालं. पुढे पुढे तर तिनं ती भाजी निवडता निवडताही म्हणून दाखवली असती.

आज एका फाउंडेशनच्या समितीनं होकार दिला. एका बाईंनी तर डोळे पुसले. आता आपल्यालाही काहीतरी वाटेल, म्हणून ती क्षणभर थांबली. काही वाटलं नाही. बस चुकू नये म्हणून ती भराभर जिना उतरली.

घरी सासूबाईंनी पाणी दिलं. बातमी ऐकून म्हणाल्या, "बरं झालं बाई. त्याच्यामुळे चार जीव वाचतील." मग जरा घुटमळल्या. "तेव्हा मी लेकीकडे अडकले होते. तुला विचारायचा धीरच झाला नाही इतके दिवस. शेवटी काय बोलला ग तो?"

"रुग्ण, वय एकेचाळीस," ती म्हणाली, "शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ताप..."

सासूबाई बघतच राहिल्या. तिनं जीभ चावली आणि पुन्हा सुरुवात केली. ताप आला. उशीर झाला. मधलं काही केल्या सापडेना. तो बोलला होता, चांगला बराच वेळ बोलला होता, एवढंच तिला ठाऊक होतं.

"सांगते हं, आई. आठवून सांगते."

सासूबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि वाट पाहू लागल्या.